वाड्याच्या खांबांना पुन्हा काम द्या

प्रश्न: सप्रेम नमस्कार. आमचा महाल भागातला वाडा वाटण्या झाल्यावर गेल्या दिवाळीनंतर पाडला. माझ्या वाट्याला ८ सागवानी खांब, गणेशपट्टी असलेली दाराची चौकट आणि हजारभर इंग्रजी कवेलू (मंगलोरी कौलं) आले. बेसा भागात आमचा १५०० चौरस फुटांचा प्लॉट आहे, जमीन काळी. तिथे घर बांधायचं आहे. ठेकेदार म्हणतात, सिमेंटचे कॉलम उभे करू, खांब चिरून त्यांच्या पट्ट्या वरून लावू, 'वाडा लूक' येईल. मुलीला अख्खं घरच मातीचं हवंय, ती रोज फोनवर फोटो दाखवते. आमचे हे म्हणतात, म्हातारपणी कच्च्या घरात राहायचं नाही, किल्लारी विसरलीस का? मला तिघांचंही थोडं थोडं पटतं, म्हणून तर निर्णय होत नाही. खांब सहा महिने दिरांच्या गोदामात पडून आहेत. काय करू? (एक वाचक, नागपूर)

ताई, नमस्कार.

आधी ठेकेदारांना निरोप द्या की खांबांना आरी लावायची नाही. नकाशा दहादा बदलता येतो. चिरलेला खांब मात्र परत मिळत नाही.

लाकडाची ताकद त्याच्या धाग्यांच्या दिशेनं असते. उभ्या खांबावर वरून वजन आलं की सगळे धागे मिळून ते घेतात, म्हणून सहा-सात इंचांचा सागवानी खांब पिढ्यान्‌पिढ्या माळा पेलत उभा राहतो. त्याच्या पाऊण इंची पट्ट्या केल्या की ती ताकद संपली. आणि पट्ट्या ठोकूनही आपल्या हवेत ते काम टिकत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगतं, एप्रिल-मेमध्ये आक्रसतं, आतला कॉलम मात्र जागचा हलत नाही. काही वर्षांत स्क्रू सैल होतात, मागे फट पडते आणि त्या अंधाऱ्या फटीत उधई (वाळवी) बिनबोभाट घर करते. तुम्हाला तो बेत खटकला तो नुसत्या मायेपोटी नाही, बांधकामाच्या हिशेबानंही तो चुकीचाच आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की जुन्या सामानाला नव्या घरात काम मिळालं पाहिजे. खांबानं भार घ्यावा, चौकटीतून रोज माणसांनी ये-जा करावी, कवेलूनं ऊन अडवावं. जे कामाला लावता येणार नाही ते ज्याला गरज आहे त्याला देऊन टाका, पण भिंतीवर टांगू नका.

दीक्षाभूमीचा स्तूप आठवा. सांचीचा स्तूप आतून भरीव, त्याला बाहेरून प्रदक्षिणा घालायची. २००१ मध्ये खुला झालेला आपला स्तूप मात्र पोकळ आहे, १२० फूट व्यासाच्या घुमटाखाली माणसं एकत्र बसतात. आकार दोन हजार वर्षांचा, पण त्याला आजच्या लोकांसाठी नवं काम मिळालं. म्हणून तो नक्कल वाटत नाही. तुमचं घर लहान आहे, पण प्रश्न हाच आहे.

आता खांबांकडे वळू. एक चांगला सुतार घेऊन गोदामात जा. खालच्या हातभर भागात आणि वर तुळई बसत होती त्या जोडापाशी टोचा दाबून बघायला सांगा. निरोगी सागात टोक लगेच अडतं. ते सहज आत गेलं किंवा पिठासारखा भुसा पडला तर तेवढा भाग गेला असं समजा. मग हातोडीनं खालपासून वरपर्यंत ठोकत जायचं. भरीव लाकूड खणखणीत बोलतं, पोखरलेलं बद्द वाजतं. बहुतेक वेळा किडलेलं असतं ते खालचं टोकच, आणि ते कापून टाकायला घाबरू नका. कापलेली उंची तळखड्यानं भरून काढता येते. जुन्या वाड्यात प्रत्येक खांबाखाली दगडाचा तळखडा असायचा तो काही सजावट म्हणून नव्हता. जमिनीची ओल आणि पावसाचे शिंतोडे लाकडापर्यंत पोचू नयेत म्हणून ती सोय होती. तुमच्या वाड्याचे तळखडे कुठे गेले ते पाडकाम करणाऱ्यांना विचारा. बरेचदा ते मलब्यासोबत भरावात जातात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. मिळाले नाहीत तर पाथरवटाकडून काळ्या दगडाचे नवे घडवून घ्या. ८ तळखड्यांचा खर्च घराच्या एकूण खर्चात फार मोठा नसेल, आणि खांबांचं उरलेलं आयुष्य त्यावरच अवलंबून आहे.

हे खांब लावायचे कुठे? प्लॉटची दिशा तुम्ही लिहिलेली नाही, पण दिशा कोणतीही असो, घराला एक पश्चिमेची बाजू असणारच. नागपुरात दुपारी तीन ते सहाचं ऊन पश्चिमेच्या भिंतीवर तिरपं पडतं आणि ती भिंत ते रात्रभर आत सोडत राहते. त्या भिंतीबाहेर सहा-सात फूट रुंदीची छपरी काढा. ६ खांब, त्यांवर तुळई, वर उतरतं कवेलूचं छप्पर. कवेलूच्या छपराचं वजन बेताचं असतं, त्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनिअरला हिशेब मांडून सही करायला फारशी अडचण येणार नाही. उरलेले २ खांब बैठकीत तुळईखाली घ्या, तुमच्या नातवंडांना पाठ टेकायला. गणेशपट्टीची चौकट मुख्य दारालाच लावा. तिची उंची आजच्या दारांपेक्षा कमी असेल तर उंबरा काढू नका आणि चौकट वाढवू नका, वरच्या मोकळ्या जागेत झरोका द्या.

छपरीसाठी एक गोष्ट पहिल्या दिवशीच सांभाळावी लागते. सामासिक अंतरात, म्हणजे हद्दीलगत मोकळ्या सोडायच्या जागेत, खांब उभे करता येत नाहीत. म्हणजे नकाशा मंजुरीला टाकण्याआधीच छपरी धरून घर आखावं लागेल, नंतर 'बघू' म्हणून चालणार नाही. जुने सुतार घर खणांत मोजायचे. दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे एक खण, आणि लाकूड जेवढं लांब मिळेल त्यावर तो ठरायचा. तुम्हीही तेच करा. हातातल्या तुळईची आणि खांबाची मापं आधी, खोल्यांची मापं त्यावरून. आर्किटेक्टकडे जाताना 'टू बीएचके' एवढंच सांगू नका, खांबांच्या मापांचा कागद सोबत न्या.

तुमच्या यजमानांची भीती मी जराही हलकी मानत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट महाराष्ट्रात घर बांधणाऱ्या कुणीच विसरू नये. किल्लारी परिसरात माणसं दबली ती प्रामुख्यानं जाड दगडी भिंतींखाली. ओबडधोबड गोलसर दगड, सांध्यात नुसती माती, भिंतीच्या दोन थरांना एकमेकांत धरून ठेवणारे आरपार दगड नाहीत, कोपरे बांधलेले नाहीत, आणि वर माळवदाच्या, म्हणजे सपाट धाब्याच्या, मातीचं प्रचंड ओझं. भूकंपाच्या नकाशात नागपूर कमी धोक्याच्या पट्ट्यात येतं, तरी ही चूक करायची नाही. भिंत कशाचीही असो, जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छताखाली सळईसह काँक्रीटचे सलग पट्टे घ्यायचे, घराला तीन ठिकाणी कंबरपट्टा बांधल्यासारखे. यजमानांना नकाशात हे पट्टे बोट ठेवून दाखवा. त्यांची काळजी नुसत्या समजुतीनं जाणार नाही.

पायाबाबत तर मी कुठलाही परंपरेचा हट्ट ऐकत नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि वर उभी असलेली भिंत दरवर्षी उचलली जाते आणि खाली बसते. पाया मुरमापर्यंत न्या. मुरूम फार खोल असेल तर इंजिनिअर सांगतील तसे पाईल (जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब) घ्या. सिमेंट आणि सळईचा पैसा इथे खर्चा. घराभोवती तीनेक फुटांचा फरशीचा पट्टा आणि पाणी बाहेर जाईल असा उतार ठेवा, म्हणजे जोत्याजवळची माती भिजणार नाही.

मुलीशी बोलताना मात्र तिला 'तुला काय कळतं' असं कुणी म्हणू देऊ नका. ती जे मागते आहे त्यात तथ्य आहे, फक्त ते या प्लॉटवर जसंच्या तसं बसत नाही. आपल्या भाषेत गावाचे दोन भाग असतात, काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे गावठाण. जुनी माणसं घराला माती आणायची ती पांढरीतली, पडक्या गढीची. काळीची भिंत वाळताना तडकते हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून प्लॉट खणून निघालेल्या मातीच्या विटा पाडायचा विचार असेल तर तो सोडा. मातीच घ्यायची तर मुरमाड माती, गरजेप्रमाणे रेती आणि ५ ते १० टक्के सिमेंट घालून यंत्रात दाबलेले ब्लॉक घ्या. ते भाजावे लागत नाहीत. माती कशी आहे याची पहिली परीक्षा मुलीलाच करू द्या. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, खूप हलवायचं आणि दिवसभर ठेवायचं. तळाशी रेती बसते, तिच्यावर गाळ, सगळ्यात वर चिकण. वरचा थर जाड असेल तर ती माती तशीच वापरायची नाही.

दोघी मिळून एकदा सेवाग्रामला जा, आणि हवा छान असताना जाऊ नका, मेच्या दुपारी दोन वाजता जा. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले तेव्हा आसपास मिळणाऱ्या माती, बांबू आणि कवेलूंनी घरं उभी केली. तिथल्या पहिल्या घरात, आदी निवासात, दहा मिनिटं बसलात की मुलगी काय म्हणते आहे ते अंगाला कळेल. तिथल्या भिंती आणि जमीन वर्षानुवर्षं कुणाच्या तरी हातांनी लिंपली जाते, तेही बघा. वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसनं मातीच्या घरांवर काम केलेलं आहे, त्याच फेरीत तिथेही जाऊन या.

हातांचा विषय निघालाच आहे तर मनातलं बोलतो. शेणा-मातीच्या जमिनीचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात, पण ते सारवण आजवर घरातल्या बायकांनीच केलं, सकाळी उठून, गुडघ्यांवर बसून. तुमच्या घरात ते काम शेवटी तुमच्याकडेच येणार असेल तर ती जमीन नको. शहाबादी किंवा कोटा फरशी घाला, ती उन्हाळ्यात थंड राहते आणि पुसली की झालं. घरातल्या बाईच्या कष्टांवर चालणारी परंपरा मी तरी कुणाला सुचवणार नाही.

एक चूक मी स्वतः केली आहे, ती तुमच्या हातून होऊ नये. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका जुन्या घराच्या मातीच्या भिंतीला मी बाहेरून सिमेंटची छपाई करून दिली. मजबूत होईल असं मनापासून वाटलं होतं. मातीची भिंत ओल घेते आणि हवेत सोडते. मी तिचं तोंडच बंद केलं. दोन पावसाळ्यांनंतर छपाईचा अख्खा पापुद्रा सुटला आणि निघताना भिंतीची माती सोबत घेऊन गेला. घरमालकांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही, आणि ते मला आजही जड जातं. मातीवर चुना किंवा माती, सिमेंट नाही.

तुमच्या घराच्या मुख्य भिंतींसाठी माझा सल्ला साध्या लाल विटेचा आहे, पण बांधणी रॅट ट्रॅपची. यात वीट आडवी न ठेवता कडेवर उभी करतात, त्यामुळे नऊ इंची भिंतीच्या पोटात हवेची पोकळी राहते. विटा सुमारे २५ टक्के कमी लागतात आणि त्या पोकळीतून ऊन आत यायला वेळ लागतो. केरळात वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी ही पद्धत घराघरांत नेली. आपले गवंडी पहिल्या दिवशी कुरकुर करतात. चार फुटांची नमुन्याची भिंत त्यांच्याकडून बांधून घ्या, दुसऱ्या दिवशी हात बसतो. जोत्यालगतचे थर, कोपरे आणि खिडकीच्या कडा भरीव ठेवायच्या, एवढं लक्ष द्या. बाहेरून छपाई करायची नसेल तर वीट निवडून घ्या आणि दर्जा काढणारा, म्हणजे विटांचे सांधे भरून रेखणारा, माणूस धीराचा हवा.

कवेलूंचा हिशेब असा. १०० चौरस फूट उतरत्या छपराला साधारण १५० इंग्रजी कवेलू लागतात. छपरी ३० फूट लांब धरली तरी साडेतीनशेत काम होतं. उरलेले स्लॅबमध्ये घाला. स्लॅबच्या खालच्या बाजूला ताण सळई घेते, तिथलं बरंचसं काँक्रीट नुसतं वजन असतं. त्या जागी सळयांच्या चौकोनांत दोन-दोन कवेलू पालथे ठेवून वर काँक्रीट ओतलं की काँक्रीट वाचतं, स्लॅब हलका होतो, आणि कवेलूतली हवा उन्हाला थोडी तरी अडवते. खालून छपाई केली नाही तर छताला तुमच्या वाड्याचीच कवेलू दिसतील. हे इंजिनिअरच्या आखणीशिवाय करायचं नाही. आणि गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा, वर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी. नवतपात, मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, रात्री अकराला पंखा लावल्यावर अंगावर भट्टीची हवा येते ना, ती तापलेल्या स्लॅबमधून येते. या कोब्यावर खर्च केलेला पैसा विजेच्या बिलातून परत येतो.

छपरीच्या खांबांमध्ये बांबूच्या किंवा वाळ्याच्या ताट्या सोडा, दुपारी पाणी मारा. मेची कोरडी हवा ओल्या वाळ्यातून आत आली की थंड होते, आपल्या कूलरचं तंत्रही तेच आहे. जुलैत याचा उपयोग नाही, तेव्हा ताट्या गुंडाळून ठेवायच्या आणि समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या. बांबू घ्याल तो तीन वर्षांहून जुना, थंडीत तोडलेला आणि बोरिक ॲसिड-बोरॅक्सच्या पाण्यात मुरवलेला, नाहीतर घुण लागतो. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे विचारता येईल.

आतल्या छपाईला चुना वापरायची हौस असेल तर वेळ हाताशी हवा. चुना भिजवून निदान काही आठवडे मुरवायचा, मग रेती आणि सुरखी (विटांची पूड) घालून घोटायचा. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून हळूहळू परत दगड होतो. त्याला घाई चालत नाही आणि आपला उन्हाळा अजिबात चालत नाही, घट्ट होण्याआधीच तो वाळून भुगा होतो. दिवाळीनंतर ते माघापर्यंत, भिंतीवर ओलं तरट टाकून. चुना वणी-राजूरकडचा मिळतो. एखाद्याच खोलीला करा, चांगला झाला तर पुढे बघा.

शेवटी माणसांबद्दल, आणि मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपण आर्किटेक्ट गाठतो, मग ठेकेदार, आणि सुताराला बोलावतो ते घर उभं राहिल्यावर, दारं बसवायला. तुमच्या घरात हा क्रम उलटा करा. जोडकामाचे सुतार नागपुरात अजून आहेत, पण त्यांच्या हातात वर्षभर प्लायवूड आणि सनमायकाच येतं, कारण दुसरं काम कुणी देत नाही. मुलांनी तो धंदा का शिकावा? लकडगंजातल्या आरामशिनींवर आणि जुनं लाकूड विकणाऱ्यांकडे विचारत फिरा, खिळा न मारता तुळई बसवणारा कोण आहे ते तिथे सांगतील. कमी पडणारं लाकूडही तिथलंच जुनं घ्या, पाडलेल्या घरांतलं, नव्या सागासाठी झाड पडायला नको. सुताराला चौरस फुटावर काम देऊ नका, रोजीवर द्या. फुटावर काम दिलं की जोड घाईचे होतात, आणि त्यात दोष त्याचा नसतो. त्याला आर्किटेक्टच्या टेबलाशी खुर्ची द्या आणि तुळई कुठे टेकेल ते त्याच्याशी बोलून ठरू द्या. तुमची मुलगी त्या बैठकीला हवी. तिला फोटोतून जे कळत नाही ते त्याच्या शेजारी दोन तास बसून कळेल. जोत्याचा दगड घडवणाऱ्यालाही हेच.

ठेकेदारांना काढून टाकायची गरज नाही. पाया, पट्टे, स्लॅब हे त्यांचं काम, ते त्यांनी नीट करावं. खांब, छपरी आणि चौकट त्यांच्या करारातून वेगळी काढा आणि तसं लेखी घ्या.

पाऊस दारात आहे, म्हणून आजच एक फोन दिरांना करा. खांब फरशीवर आडवे पडलेले असतील तर खाली दर तीन फुटांवर विटा देऊन उचलून ठेवायला सांगा, भिंतीपासून हातभर दूर, मध्ये हवा खेळेल असे. आणि सुतार यायच्या आधी प्रत्येक खांबावर खडूनं क्रमांक घाला. वाड्यात कोणतं टोक खाली होतं तेही लिहा. तळाचा डाग आणि वरची खाच बघून ते ओळखता येतं. बुंध्याचं टोक खाली ठेवायचा सुतारांचा रिवाज आहे, आणि सुतारकाका आल्या आल्या तुम्हाला तेच विचारतील.